वहीबाहेरचे ऋण

ऋण संख्या समजावून सांगायच्या म्हटल्या की पहिला दाखला कर्जाचा येतो. हातात पन्नास रुपये आहेत, देणे ऐंशीचे आहे, म्हणजे आपल्यापाशी उणे तीस रुपये आहेत. दाखला सोपा आहे आणि धन-ऋण हे शब्दही त्याला दुजोरा देतात. त्यावरूनच एक इतिहासही रूढ झाला आहे: व्यापार वाढला, उधार-उसनवार वाढली, देणे मांडण्याची गरज पडली आणि त्या गरजेपोटी ऋण संख्या अवतरल्या. हा इतिहास मला पटत नाही. देण्याघेण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांचे ऋण संख्येवाचून काहीच अडत नव्हते; त्यांनी तिच्याविना अतिशय गुंतागुंतीचे व्यवहार बिनचूक सांभाळले. अडले ते दुसऱ्यांचे. समीकरणे सोडवणारे आणि ग्रहांची स्थाने काढणारे यांना गणित मांडताना उत्तर कोणत्या बाजूला पडणार हे ठाऊक नसते. ऋण संख्या त्यांनी घडवल्या. कर्जाकडून त्यांनी फक्त नाव घेतले.

आधी वहीकडे पाहू. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले जमाखर्चाचे असंख्य कागद आहेत. किल्ले, महाल, कारखाने, फौजा यांचे हिशेब त्यांत आहेत आणि सावकारांकडून उचललेल्या रकमाही आहेत. पहिल्या बाजीरावाच्या मोहिमा कर्जावर चालल्या होत्या, हे तर इतिहासाच्या कोणत्याही वाचकाला माहीत असते. एवढे कर्ज असूनही या हिशेबांना उण्याच्या चिन्हाची गरज भासत नाही, कारण मांडणीच तशी आहे. पानाच्या एका अंगाला जमा, दुसऱ्या अंगाला खर्च. सावकाराकडून हजार रुपये आणले तर ते त्याच्या नावे जमेच्या अंगाला पडतात, कारण पैसा घरात आला. रोकड कधीच शून्याखाली जात नाही, जाऊच शकत नाही. थैलीत नसलेला रुपया कोणी खर्चू शकत नाही, आणि उसना आणून खर्चला तर तो आधी जमा होतो. दिवसअखेर जी शिल्लक उरते ती खर्चाच्या अंगाला मांडली की दोन्ही बेरजा जुळतात. कीर्दीवरून खतावणी केली की प्रत्येकाचे खाते निघते. जमेची बेरीज मोठी असेल तर त्या माणसाचे आपण देणे लागतो, नावेची मोठी असेल तर त्याच्याकडून आपले येणे आहे. दर वेळी वजाबाकी होते ती मोठ्या रकमेतून लहान रकमेची. चिन्हाने जे सांगायचे ते पानाची बाजू सांगते, म्हणून चिन्ह लागत नाही. आजही बँकेच्या खातेउताऱ्यावर रकमेपुढे जमा की नावे एवढेच लिहिलेले पुष्कळदा दिसते.

इटलीतला पुरावा याहून ठसठशीत आहे. लुका पाचोलीने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत सविस्तर मांडली. देणे-येणे लिहिण्याची याहून परिपूर्ण पद्धत जगाने आजवर शोधलेली नाही. कर्जातून ऋण संख्या आपोआप उगवत असत्या, तर त्या त्या मातीत सर्वांत आधी उगवायला हव्या होत्या. घडले उलटेच. पन्नास वर्षांनी, १५४४ मध्ये, जर्मनीचा मिखाएल श्टीफेल ऋण संख्यांना असंगत संख्या म्हणतो. पुढच्याच वर्षी मिलानचा कार्दानो त्यांना कल्पित ठरवतो. १६३७ मध्ये देकार्तही समीकरणाच्या ऋण मुळांना खोटी मुळेच म्हणतो. युरोपातला व्यापारी रोज कर्ज लिहीत होता आणि युरोपातला गणिती ऋण संख्या नाकारत होता, आणि दोघांना एकमेकांच्या वागण्यात विसंगती दिसत नव्हती.

याला पहिला आणि सर्वांत सरळ आक्षेप भारतातून येतो. धन आणि ऋण हे शब्दच मुळी संपत्ती आणि कर्ज यांचे आहेत. मग कर्जाशी नाते कसे नाकारायचे? शब्द कर्जाचेच आहेत, यात वाद नाही. पण नियम ग्रंथात कुठे बसवले आहेत ते पाहिले पाहिजे. ब्रह्मगुप्ताने भिल्लमाळ येथे इसवी सन ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. तो ज्योतिषाचा ग्रंथ आहे. त्याच्या बाराव्या अध्यायात व्यवहारी गणित येते. त्रैराशिक, मुद्दल, व्याज हे सगळे तिथे आहे. धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकाराचे नियम मात्र तिथे नाहीत. ते अठराव्या अध्यायात, कुट्टकाच्या म्हणजे अज्ञात राशी काढण्याच्या प्रकरणात आहेत. पाच शतकांनी भास्कराचार्यही हीच वाटणी करतो. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या ‘लीलावती’त व्याज आहे, भागीदारी आहे, खरेदी-विक्री आहे, वस्तूंची अदलाबदल आहे, आणि धन-ऋणाचे नियम नाहीत. ‘बीजगणित’ उघडले की पहिल्याच प्रकरणात धन-ऋणाच्या सहा क्रिया येतात. व्याजाचे गणित शिकवताना या दोघांनाही ऋण संख्या आठवली नाही, अज्ञात राशीकडे वळताच ती पहिल्या पावलाला लागली. शब्दाच्या व्युत्पत्तीपेक्षा ग्रंथातली ही जागा मला जास्त बोलकी वाटते.

दुसरा आक्षेप चीनमधून येतो आणि तो अधिक जड आहे. ‘गणिताचे नऊ अध्याय’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या आठव्या अध्यायात बाजाराचे एक उदाहरण आहे. दोन बैल आणि पाच मेंढ्या विकून तेरा डुकरे घेतली तर हजार नाणी उरतात. तीन बैल आणि तीन डुकरे विकून नऊ मेंढ्या घेतल्या तर पैसे बरोबर पुरतात. सहा मेंढ्या आणि आठ डुकरे विकून पाच बैल घेतले तर सहाशे नाणी कमी पडतात. विक्री धन, खरेदी ऋण. उत्तर येते बैलाला बाराशे, मेंढीला पाचशे, डुकराला तीनशे. इथे बाजारानेच ऋण संख्या पुरवल्या, असे कोणीही म्हणेल. पण त्या अध्यायात धन-ऋणाचा नियम प्रथम सांगितला आहे तो या उदाहरणापाशी नाही. तो त्याच्या आधी, तिसऱ्या उदाहरणात येतो, आणि ते आहे धान्याच्या पेंढ्यांचे. उत्तम धान्याच्या दोन पेंढ्या आणि मध्यमाची एक मिळून एक माप. मध्यमाच्या तीन आणि हलक्याची एक मिळून एक माप. हलक्याच्या चार आणि उत्तमाची एक मिळून एक माप. दिलेल्या माहितीत सगळे धनच आहे, उत्तरेही धन आहेत: उत्तम ९/२५, मध्यम ७/२५, हलके ४/२५. ऋण डोकावते ते मध्येच. तिसऱ्या ओळीची दुप्पट करून त्यातून पहिली वजा केली की उत्तम धान्य नाहीसे होते आणि मध्यमाच्या जागी शून्यातून एक वजा करायची वेळ येते. ना कोणी कोणाचे देणे लागतो, ना कोणी तोट्यात आहे. रीत पुढे न्यायची असेल तर उणे एक लिहावे लागते, एवढेच. इसवी सन २६३ मध्ये या ग्रंथावर भाष्य करणाऱ्या लिऊ हुईने धन राशींसाठी तांबड्या आणि ऋण राशींसाठी काळ्या काड्या वापराव्यात असे सांगितले आहे. आजच्या ताळेबंदात तोटा तांबड्या शाईने दाखवण्याची रीत आहे. लिऊ हुईचे रंग नेमके उलटे होते.

हाच प्रकार बगदादच्या अबुल वफाच्या पुस्तकात दिसतो, आणि ते पुस्तक तर दहाव्या शतकात मुद्दाम लेखनिक आणि व्यापारी यांच्यासाठी लिहिलेले आहे. त्यात तिनातून पाच गेले की ‘दोनाचे कर्ज’ उरते असे म्हटले आहे, म्हणून कर्जाच्या पक्षाचा तो भक्कम साक्षीदार मानला जातो. पण हे कर्ज निघते कुठून? तीन गुणिले पाच काढण्याच्या एका युक्तीतून. पाच दहाला पाच कमी, म्हणून तिनातून पाच वजा करायचे आणि आलेल्याला दहाने गुणायचे. मग तीन दहाला सात कमी आणि पाच दहाला पाच कमी, त्यांचा गुणाकार पस्तीस त्यात मिळवायचा. पस्तिसातून विसाचे कर्ज फेडले की पंधरा उरतात. व्यापाऱ्यांच्या पुस्तकातसुद्धा ऋण संख्या आली ती गुणाकाराच्या रीतीतून, आणि व्यापाऱ्याला कळावी म्हणून तिला कर्ज म्हटले गेले.

वहीत आणि रीतीत फरक नेमका कशाने पडतो, हा या सगळ्यातला खरा प्रश्न. कीर्दीत रक्कम लिहिण्याआधीच ती आली की गेली हे कारकुनाला माहीत असते. दिशा आधी, आकडा नंतर. समीकरणात दिशा शेवटी कळते. ‘लीलावती’त भास्कराचार्याने एक त्रिकोण दिला आहे: पाया ९, दोन भुजा १० आणि १७. शिरोबिंदूपासून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती? रीत सांगते, भुजांच्या वर्गांतला फरक १८९, त्याला पायाने भागले की २१. पाया आणि २१ यांच्या बेरजेचे निम्मे १५ आणि वजाबाकीचे निम्मे उणे ६. तुकडा उणे सहा कसा असेल? भास्कराचार्य म्हणतो, हा तुकडा उलट्या दिशेला आहे. लंब पायाच्या आत पडतच नाही, तो सहा एकक बाहेर पडतो. लंब निघतो ८, आणि ८, ६, १० असा काटकोन त्रिकोण चोख जुळतो. आकृती न काढता, लंब आत पडेल की बाहेर हे न कळता गणित सुरू केले तरी चिन्हाने आपणहून सांगितले की तो बाहेर आहे. या एका उदाहरणात ऋण संख्येचे सगळे सामर्थ्य उघडे पडते, आणि त्यात कर्जाचा लवलेश नाही.

अशा दिशा न कळलेल्या राशींशी महाराष्ट्रात रोज कोणाचा संबंध येत असे? पंचांग करणाऱ्या जोशांचा. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिले. ज्या आणि चाप यांच्या कटकटीशिवाय ग्रह काढता यावेत म्हणून ते रचलेले, आणि त्यामुळे इथल्या जोशांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पोसल्या. त्यात सूर्याचे मध्यम स्थान काढून त्याला मंदफलाचा संस्कार द्यावा लागतो. केंद्र मेषादी सहा राशींत असेल तर तो संस्कार धन, तुलादी सहा राशींत असेल तर ऋण, आणि सूर्याच्या बाबतीत तो कमाल दोन अंशांच्या थोडा पुढे जातो. मग देशांतर येते: मध्यरेषेच्या पूर्वेचे गाव असेल तर सूर्य आधी उगवतो म्हणून ऋण, पश्चिमेचे असेल तर धन. त्यावर चरसंस्कार, तोही सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे की दक्षिणेला त्या मानाने बदलणारा. यावर कोणी म्हणेल की ‘धन’ म्हणजे मिळवा आणि ‘ऋण’ म्हणजे वजा करा एवढीच ही सूचना आहे, संख्या कुठे ऋण झाली? एकच संस्कार असेल तर हे म्हणणे खरे आहे. पण दोन-तीन संस्कार आधी एकत्र करून मग ग्रहाला द्यायचे ठरवले की धनात धन मिळवा, धन-ऋणांचे अंतर घ्या, मोठ्याचे चिन्ह ठेवा, असे वागावे लागते. हेच ब्रह्मगुप्ताचे नियम. सूचना संख्येला चिकटली आणि तिच्यासह हलू लागली की ती सूचना राहत नाही, संख्येचा भाग होते. गावच्या दुकानदाराला जे कधी करावे लागले नाही, ते गावचा जोशी वर्षभर करत होता.

आता माझ्या म्हणण्याला सर्वांत अडचणीचा वाटणारा पुरावा. भास्कराचार्यानेच ‘बीजगणिता’त एक उत्तर ऋण राशीमुळे फेटाळले आहे. वानरांच्या कळपाचा पाचवा भाग, त्यातून तीन कमी, त्याचा वर्ग गुहेत शिरला आणि एक वानर बाहेर दिसतो, कळप केवढा? समीकरणाची दोन उत्तरे येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग १०, तीन गेले ७, वर्ग ४९, एक मिळवला की ५०. पाचाचा पाचवा भाग १, तीन गेले उणे २, वर्ग ४, एक मिळवला की ५. दोन्ही आकडे जुळतात. तरी भास्कराचार्य दुसरे उत्तर घेऊ नये असे सांगतो, कारण प्रत्यक्ष राशी ऋण झाली तर लोकांना तिची प्रतीती येत नाही. त्रिकोणात उणे सहा स्वीकारणारा माणूस इथे मागे का सरला? काहींनी याला ऋण संख्येविषयीचा संकोच म्हटले आहे. मला तसे वाटत नाही. लंबाला पायाच्या बाहेर पडायला जागा आहे. पूर्वेला पश्चिम आहे. वानरांच्या संख्येला मात्र दुसरी बाजूच नाही. उलट दिशा जिथे आहे तिथे ऋण उत्तर घ्यावे, जिथे नाही तिथे सोडावे, हा विवेक दोन्ही उदाहरणांत एकच आहे.

हा विवेक ज्याने स्पष्ट शब्दांत मांडला त्याचे नाव मराठी वाचकाला फारसे माहीत नाही, याची मला खंत वाटते. कृष्ण दैवज्ञाचे घराणे विदर्भातल्या दधिग्रामचे. पुढे ते काशीला गेले आणि कृष्णाला जहांगीराचा आश्रय मिळाला. त्याचा गुरू विष्णू हा गणेश दैवज्ञाच्या पुतण्याचा शिष्य, म्हणजे नांदगावचा धागा त्याच्यापर्यंत पोचतो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त या घराण्यांचा वृत्तान्त आहे. १६०० च्या सुमारास कृष्णाने भास्कराचार्याच्या ‘बीजगणिता’वर टीका लिहिली आणि ऋणत्व म्हणजे काय याचा उलगडा केला. ऋणत्व म्हणजे वैपरीत्य, आणि ते तीन प्रकारचे: देशाचे, काळाचे आणि वस्तूचे. पूर्व धन धरली तर पश्चिम ऋण. पुढचा काळ धन धरला तर मागचा ऋण. आपल्या मालकीची वस्तू धन धरली तर दुसऱ्याची देणे असलेली ऋण. धन कोणाला म्हणायचे हे आपण ठरवतो, ऋण त्याच्या उलट असते. युरोपात दिशेचा विचार असाच नीट मांडलेला दिसतो तो जॉन वॉलिसच्या १६८५ च्या बीजगणितात: माणूस पाच यार्ड पुढे गेला आणि आठ यार्ड मागे आला, तर तो निघाल्या जागेपासून उणे तीनवर आहे.

एकट्या कर्जाच्या दाखल्याने काम भागत नाही, याचाही पुरावा युरोपातलाच. पिसाच्या फिबोनाचीने १२२५ च्या सुमारास एका उदाहरणाचे ऋण उत्तर पहिल्या माणसावर कर्ज आहे असे मानून स्वीकारले होते. अर्थ सापडला होता, तरी पुढची तीनशे वर्षे गणिती अडखळतच राहिले. कारण कर्जाच्या दाखल्यात बेरीज-वजाबाकी बसते, गुणाकार बसत नाही. फ्रेंच कादंबरीकार स्टेंधाल याने आत्मचरित्रात लिहिले आहे की दहा हजार फ्रँकांच्या कर्जाला पाचशे फ्रँकांच्या कर्जाने गुणले तर पन्नास लाखांची संपत्ती कशी होते, हे विद्यार्थीदशेत त्याला कोणीही समजावू शकले नाही. त्याची शंका रास्त होती. कर्जाला कर्जाने गुणणे ही निरर्थक क्रिया आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस मासेरेसने १७५८ मध्ये आणि विल्यम फ्रेंडने १७९६ मध्ये बीजगणितातून ऋण संख्या काढूनच टाकाव्यात अशी भूमिका घेतली; लहानातून मोठे वजा करणे त्यांना मान्य नव्हते. फ्रेंडचा पुढे जावई झालेल्या ऑगस्टस डी मॉर्गनने १८३१ मध्ये एक उदाहरण घेतले. बाप ५६ वर्षांचा, मुलगा २९ वर्षांचा. किती वर्षांनी बापाचे वय मुलाच्या दुप्पट होईल? उत्तर उणे दोन. डी मॉर्गनच्या मते हे उत्तर असंगत, पण प्रश्न ‘किती वर्षांपूर्वी’ असा बदलला की दोन वर्षे हे उत्तर ठीक. ज्याला कृष्ण दैवज्ञ काळाचे वैपरीत्य म्हणतो तेच हे, दोनशेहून अधिक वर्षांनी पुन्हा नव्याने शोधलेले. आणि कोलब्रूकने ‘बीजगणिता’चे इंग्रजी भाषांतर, कृष्णाच्या टीकेचा आधार घेत, १८१७ मध्येच लंडनला प्रसिद्ध केले होते.

रोजच्या जगण्यात ऋण संख्या शिरल्या त्याही कर्जाच्या वाटेने नव्हे. त्या शिरल्या आपण शून्य मुद्दाम मधोमध ठेवायला लागलो तेव्हा. आंदेर्स सेल्सियसने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा पाणी उकळते तिथे शून्य आणि गोठते तिथे शंभर ठेवले होते. त्या पट्टीवर स्वीडनचा हिवाळा शंभराच्या वर जातो आणि उणे कुठेच येत नाही. पट्टी लवकरच उलटी केली गेली आणि तेव्हापासून थंडी शून्याखाली मोजली जाऊ लागली. समुद्रसपाटी शून्य धरली की खोली ऋण, तळमजला शून्य धरला की तळघर उणे एक. या प्रत्येक ठिकाणी शून्य म्हणजे ‘काही नाही’ असे नाही. ती आपण खुणेची जागा ठरवली आहे, आणि वस्तू तिच्या दोन्ही अंगांना आहे. कृष्ण दैवज्ञाचे देशवैपरीत्य ते हेच.

शाळेत यातले काय न्यावे, एवढे शेवटी म्हणायचे आहे. कर्जाचा दाखला टाकून द्यावा असे नव्हे. बेरीज-वजाबाकीपुरता तो उत्तम आहे आणि मुलांना तो घरातूनच माहीत असतो. पण ऋणाला ऋणाने गुणले की धन का येते, हे त्याने कधीच सांगता येणार नाही, आणि नेमके तिथेच मुले पाठांतराकडे वळतात. त्याऐवजी धरणाचे पाणी घ्यावे. पातळी रोज तीन सेंटिमीटर उतरते आहे, म्हणजे दररोजचा बदल उणे तीन. आजपासून चार दिवसांनी पातळी आजच्या मानाने उणे बारा असेल. चार दिवसांपूर्वी, म्हणजे उणे चार दिवशी, ती किती होती? आजच्यापेक्षा बारा सेंटिमीटर वर. उणे तीन गुणिले उणे चार, बरोबर धन बारा. इथे दोन वेगवेगळी वैपरीत्ये एकमेकांना गुणली गेली, पाण्याच्या चढउताराचे आणि काळाचे. म्हणून क्रियेला अर्थ आहे. कृष्ण दैवज्ञाच्या यादीत देश पहिला येतो, काळ दुसरा, आणि देण्याघेण्याची वस्तू तिसरी. पूर्णांकांचा धडा त्याच क्रमाने लिहिला, तर सातवीतल्या मुलाला गुणाकाराचा नियम धरणाच्या भिंतीवरच्या मोजपट्टीवरून स्वतःच काढता येईल.